घळीच्या तळाचे तेवीस मीटर

टेपमावशीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. ते नाव हजेरीपटात होतं, मतदारयादीत होतं, आणि नवरा फारच चिडला तर त्याच्या तोंडी यायचं. बाकी सगळ्यांची ती टेपमावशी. जंगल अभ्यास केंद्रात तिने एकतीस वर्षं एकच काम केलं: झाडं मोजायची. टेप लावून जंगलाचा तुकडा आखायचा, त्यातल्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीला घेर घ्यायचा, खोडाला पत्र्याचा बिल्ला ठोकायचा, जात ओळखून वहीत लिहायची. पाच वर्षांनी पुन्हा तेच. ऐकायला सोपं वाटतं. ज्यांना वाटतं त्यांनी एकदा चाळीस अंशांच्या उतारावर, पोटऱ्यांवर जळवा चढत असताना, एका हाताने झुडूप धरून दुसऱ्या हाताने झाडाचा घेर घेऊन दाखवावा. मग बोलू.

बाईचं तोंड फटकळ आणि काम चोख. केंद्रात आलेल्या प्रत्येक नव्या साहेबाला पहिल्या महिन्यात ती नकोशी व्हायची आणि दुसऱ्या महिन्यात तिच्यावाचून त्याचं पान हलायचं नाही.

तिला काम शिकवलं ते झाडवाल्या बाईंनी. त्या केंद्रातल्या शास्त्रज्ञ; आता हयात नाहीत. त्यांनीच तीन तुकडे आखले होते, प्रत्येकी शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद. एक डोंगराच्या माथ्यावर, एक सपाटीवर, एक घळीत. तिन्ही एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या चालीवर. तिन्हीकडे पाऊस मोजायचं भांडं होतं आणि भांड्यातला आकडा वर्षानुवर्षं जवळपास सारखाच यायचा. झाडं मात्र सारखी नव्हती. माथ्यावर अडतीस जाती, सपाटीवर एकसष्ट, आणि घळीत एकशे चौदा.

"बाई, पाऊस तर तिन्हीकडे तेवढाच पडतो," नव्यानेच कामाला लागलेल्या मावशीने तेव्हा विचारलं होतं. "मग घळीचेच एवढे लाड का?"

"पडला किती, याच्याशी झाडाला काय करायचंय?" बाई म्हणाल्या होत्या. "पाण्यावाचून किती दिवस काढायचे, हा झाडाचा प्रश्न."

मग त्यांनी तिला हाताला धरून माथ्यावर नेलं. तिथे वीतभर माती, खाली कातळ. पडलेलं पाणी दुपारपर्यंत घरंगळून खाली. वर्षाचे चार महिने कोरडे, त्यात वारा अंगातला ओलावा चोरून नेणारा. तिथे टिकायचं तर बुटकं राहायचं, पानं लहान आणि जाड ठेवायची. ते ज्यांना जमलं तेवढीच झाडं तिथे होती. मग त्या तिला घळीत घेऊन गेल्या. वरून वाहून आलेली सगळी माती तिथे साचलेली. दोन्ही बाजूंच्या उतारांमुळे ऊन जेमतेम तीन तास. कोरड्या महिन्यांतही सकाळचं धुकं तळाशी बसून राहायचं आणि ओढ्याची बारीक धार कधी तुटायची नाही. एक महिना कोरडा गेला तरी मरून जातील अशी नाजूक झाडं तिथे सुखाने नांदत होती. त्यांना दुसरीकडे कुठेच जागा नव्हती.

मावशीला लॅटिन नावं कधी तोंडात बसली नाहीत. वहीत ती नंबर लिहायची आणि बोलताना स्वतःची नावं वापरायची. साल खरवडली की टपटप लाल चीक गाळणारी ती 'रडकी'. सालीचा वास घेतला की शिंका आणणारी ती 'तिखटसाल'. आणि ओढ्याच्या चिखलात उभं राहून, श्वास घ्यायला मुळांची ढोपरं वर काढणारं ते 'गुडघेवालं'. झाडवाल्या बाईसुद्धा पुढे पुढे हीच नावं वापरायला लागल्या होत्या. मावशीला याचा फार अभिमान, आणि तो ती लपवायची नाही.

बाईंनी शिकवलेली आणखी एक गोष्ट तिच्या हाडीमाशी भिनली होती. जमीन कशीही तिरकी असो, टेप आडवीच धरायची. उतारावर टेप जमिनीवर टाकायची नाही. वरच्याने टेप जमिनीला टेकवायची, खालच्याने हात उंच करून ती पाण्यासारखी सपाट धरायची, तिथून वजन बांधलेली दोरी, म्हणजे ओळंबा, सोडायचा, ओळंबा टेकेल तिथे खूण करायची आणि त्या खुणेपासून पुन्हा सुरुवात. दोन-दोन मीटरचे तुकडे करत शंभर मीटर उतरायला अर्धा दिवस जातो आणि कमरेचा पार भुगा होतो. पण त्याला इलाज नाही.

आता मूळ भानगड.

डोंगराच्या पोटातून रस्त्याचा बोगदा काढायचं ठरलं होतं. बोगद्यातून निघणारा मलबा कुठेतरी टाकायला हवा, आणि ज्यांना घळीत कधी पाय ठेवावा लागला नाही त्यांना घळ म्हणजे आयती कचरापेटीच वाटते. पण त्याआधी झाडांची पाहणी झाली पाहिजे, असा कायदा. पाहणी बाहेरच्या कंपनीने करायची आणि केंद्राचा एक अनुभवी माणूस साक्षीला हजर हवा, आणि जो हजर त्याचीच सही चालणार, असाही कायदा. संचालकांनी मावशीला पाठवलं.

कंपनीच्या प्रमुखाचं नाव मावशीने पहिल्या तासातच 'चलाचला साहेब' ठेवलं. त्याचं प्रत्येक वाक्य त्याच शब्दांनी संपायचं. तीन दिवसांत तीन जागा उरकायच्या होत्या त्याला. घळीच्या दिवशी सकाळपासून झिमझिम होती आणि धुकं इतकं की चार हातांपलीकडचं दिसेना. साहेब गाडीत लॅपटॉप घेऊन बसले. त्यांची तीन माणसं शंभर मीटरची कोरी टेप उलगडत खाली उतरायला निघाली, आणि मावशीला वरच्या कडेला टेपचं शून्याचं टोक धरून उभं केलं.

"अहो साहेब, टेप जमिनीवरून चाललीय," मावशीने गाडीच्या काचेवर टकटक करून सांगितलं. "उताराचं काय?"

"उतार यंत्र बघतं, मावशी. कोन मोजायचा, लॅपटॉपमध्ये भरायचा, हिशेब तो करतो. तुमच्या काळचं ते दोन-दोन मीटर आता कोणी करत नाही. तुम्ही शून्य धरा. चला, चला."

तसं यंत्र असतं, हे मावशीला ठाऊक होतं. झाडवाल्या बाईंकडेही एक होतं. तिने शून्य धरलं. खालून धुक्यातून "शंभर!" अशी आरोळी आली. संध्याकाळी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिने सहा सह्या केल्या. चष्म्यावर वाफ धरली होती, गुडघे ठणकत होते, आणि खरं सांगायचं तर सहीच्या जागेखाली 'अनुभवी साक्षीदार' असं छापलेलं होतं ते तिला बरं वाटलं होतं. एकतीस वर्षांत तिला कोणी छापील शब्दांत अनुभवी म्हटलं नव्हतं. तिने एकही कागद वाचला नाही.

दीड महिन्याने केंद्राच्या सूचनाफलकावर अहवालाची प्रत लागली. मावशी चहाचा पेला घेऊन फलकासमोर उभी राहिली. घळ: जाती पंच्याऐंशी. तिने यादीवरून बोट फिरवलं. वरच्या उतारावरची सगळी मंडळी होती. पण रडकीचा नंबर नव्हता. तिखटसालीचा नव्हता. गुडघेवाल्याचा नव्हता. शेवटी लिहिलं होतं, 'सदर घळीत लगतच्या उतारापेक्षा वेगळी अशी कोणतीही वनस्पती आढळली नाही. भराव टाकण्यास हरकत नाही.' आणि खाली तिची सही.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच पेल्यासकट कारकुनाच्या टेबलाशी गेली.

"गुडघेवालं दिसलं नाही म्हणजे काय? माणसाच्या कमरेएवढी ढोपरं आहेत त्याची! आंधळा अडखळून पडेल!"

"मावशी, मला कशाला ओरडता? मी फक्त कागद चिकटवला," कारकून म्हणाला. "येत्या सोमवारी जनसुनावणी आहे. त्यात काय ते बोला. पण सही तुमचीच आहे, तेवढं लक्षात ठेवा."

ते तर ती विसरूच शकत नव्हती.

आधी तिला वाटलं, कंपनीच्या माणसांना झाडं ओळखता आली नसतील. पण एखाददुसरं चुकेल. नेमकी ओढ्याकाठचीच सगळी, एकोणतीसच्या एकोणतीस, कशी चुकतील? दोन दिवस ती याच विचाराने बेजार होती. कोडं सुटलं ते घरी, आणि तेही एका ढेरीमुळे.

मावशीचा नवरा शिंपी. त्यालाही सगळे मास्तर म्हणायचे, तीही. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान: एक शिवणयंत्र, एक लांब टेबल, एक माणूसभर उंचीचा आरसा. त्या संध्याकाळी एक गिऱ्हाईक लांब कोटाचं माप द्यायला आलं होतं. गृहस्थांचं पोट दाराच्या आत त्यांच्या आधी यायचं. मास्तरने गळ्यापासून पोटावरून टेप खाली नेली आणि आकडा सांगितला.

"एवढं?" गृहस्थ खूश झाले. "मागच्या वेळी कमी होतं. मी उंच झालो की काय?"

"उंच नाही झालात, मालक," मास्तर गंभीरपणे म्हणाला. "टेप डोंगर चढून उतरली. कापडाला ते माप लागतं. तुमची उंची बघायची तर टेप गळ्यापासून सरळ खाली सोडावी लागेल. मग बघा किती कमी भरते."

मावशी आतल्या दारात भाजी निवडत बसली होती. तिच्या हातातली काडी हातातच राहिली.

टेप डोंगरावरून उतरली होती. शंभर मीटर टेप संपली, पण शंभर मीटर जागा संपली नव्हती. उताराचा कोन कोणी भरलाच नसेल तर त्यांचा तुकडा ओढ्याच्या कितीतरी आधी, उतारावरच थांबला असणार. तळापर्यंत ते पोचलेच नव्हते. गुडघेवालं त्यांना दिसणार कुठून!

दुसऱ्या दिवशी तिने कारकुनाच्या खनपटीला बसून मूळ कागद बघायला मागितला. घळीचा तक्ता. 'उतार' असा एक रकाना होता. तो कोरा होता. त्याच्या बरोबर खाली, बोटभर अंतरावर, तिची सही.

घरी आल्यावर तिने मास्तरला सगळं सांगितलं. मास्तरने शिवणयंत्राचं चाक थांबवलं.

"चूक त्या चलाचलाची आहे," तो म्हणाला. "तू कशाला अंगावर ओढून घेतेस? अकरा महिने राहिलेत तुझ्या निवृत्तीला. गप बस."

"कोऱ्या रकान्याखाली सही माझी आहे ना?"

"मग आता काय करणार आहेस?"

"घळीत उतरणार. आडवी टेप धरून. दुसरं टोक धरायला माणूस लागतो."

"अगं, मी शिंपी आहे! मला जळवांची भीती वाटते!"

"मोजे घाला," मावशी म्हणाली.

रविवारी सकाळी दोघं निघाली. मास्तरने मोज्यांवर मोजे चढवले होते, विजार मोज्यांत खोचली होती आणि वर मिठाची पुरचुंडी घेतली होती. पहिल्या दहा मीटरांत तो तीनदा घसरला आणि प्रत्येक वेळी त्याने बायकोच्या माहेरचा उद्धार केला. पण माप घ्यायला लागल्यावर गडी बदलला. टेप केसभर झुकली तरी त्याला खपेना. "वर घे. अजून. आता सोड ओळंबा," असं तोच सांगायला लागला. चाळीस वर्षं लोकांच्या खांद्यांची उंचसखल बघितलेला डोळा होता तो.

सत्त्याहत्तर मीटरवर त्यांना कंपनीची नारिंगी खुंटी सापडली. तिच्यावर रंगाने 'शंभर' लिहिलं होतं. आजूबाजूला नुसता उतार. ओढ्याचा आवाज यायचा, पण ओढा दिसत नव्हता.

"इथे थांबले ते?" मास्तर धापा टाकत म्हणाला.

"इथे."

"आणि पुढे?"

"पुढे चला की."

पुढच्या तेवीस मीटरांत हवा बदलली. उकाडा गेला, अंगावर गार ओलावा आला, पायाखालची माती काळी आणि मऊ झाली. मावशीने एका खोडाची साल नखाने खरवडली, तशी लाल धार खाली ओघळली. मास्तर दचकून मागे झाला. ओढ्याच्या चिखलात गुडघेवाल्याची ढोपरं रांगेने वर आली होती, आणि त्यांच्यामधे त्याची वीतभर उंचीची रोपं. ओढ्यापलीकडे, गवतात, झाडवाल्या बाईंनी ठोकलेली गंजकी लोखंडी खुंटी बरोबर शंभरावर भरली. मास्तरने टेपवरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, "सोमवारी मी दुकान बंद ठेवतो."

सुनावणी सरकारी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होती. लांब टेबल, त्यामागे तीन अधिकारी, मधे अध्यक्ष मॅडम. खुर्च्यांवर साठ-सत्तर माणसं. पंखे घरघरत होते. चलाचला साहेबांनी पडद्यावर नकाशा दाखवला, रंगीत खांब दाखवले आणि सांगितलं की या भागात पाऊस सगळीकडे सारखा असल्यामुळे झाडंही सगळीकडे सारखीच असणं शास्त्राला धरून आहे. पंधरा मिनिटांत घळ भरून झाली. कोणाला काही विचारायचंय का, असं मॅडमनी विचारलं आणि मावशी उभी राहिली.

"मला विचारायचं नाही. सांगायचंय. या अहवालावर साक्षीदार म्हणून सही आहे ती माझी. ती सही चूक आहे."

सभागृहात चुळबूळ झाली. संचालक पहिल्या रांगेत बसले होते, त्यांनी मान वळवून डोळे वटारले.

"यांच्या माणसांनी टेप जमिनीवर टाकून मोजली. उताराचा रकाना कोरा आहे. मी तो न वाचता सही केली. यांची घळ तेवीस मीटर अलीकडेच संपली. ओढा यांनी बघितलाच नाही, आणि जे बघितलं नाही ते तिथे नाही म्हणून लिहून दिलं."

"मॅडम, तेवीस मीटरने काय फरक पडतो?" चलाचला साहेब हसले. "शंभरातले सत्त्याहत्तर बघितलेत ना आम्ही. चार पाच झाडं इकडची तिकडे."

"तुमच्या घराचं शंभरातलं सत्त्याहत्तर बघून मी सांगितलं की घरात चूलच नाही, तर चालेल?" मावशी कडाडली. "उतारावर खाली जाल तशी झाडं बदलतात. प्रत्येक पावलाला बदलतात. पाणी कुठे थांबतं, माती कुठे साचते, ऊन किती वेळ राहतं, यावर सगळं आहे. एकशे चौदातल्या एकोणतीस जाती फक्त त्या तेवीस मीटरांत आहेत. माथ्यावर नाहीत, सपाटीवर नाहीत. अठरा वर्षांपूर्वी लागोपाठ दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला, तेव्हा उतारावरची निम्मी झाडं मेली. माझ्याच हाताने मी त्यांचे बिल्ले काढलेत. पुढच्या मोजणीला उतारावर जी रोपं उगवली, ती तळात तगून राहिलेल्या त्याच जातींच्या झाडांच्या बियांची होती. पक्ष्यांनी वर नेलेली. तळ भरून टाकलात तर पुढच्या दुष्काळाला बी कुठून आणणार? लॅपटॉपातून?"

अध्यक्ष मॅडमनी हात वर केला. "बाई, टेपचा मुद्दा मला नीट कळला नाही. शंभर मीटर टेप म्हणजे शंभर मीटरच ना?"

"या माझ्याबरोबर," मावशी म्हणाली.

आणि तिने अध्यक्षांना, मागोमाग दोन अधिकाऱ्यांना आणि निम्म्या सभागृहाला बाहेर जिन्यावर नेलं. मास्तर जिन्याच्या वरच्या पायरीशी टेपचं शून्य धरून बसला. मावशी पायऱ्यांना लागून टेप ताणत खाली उतरली. पाच मीटरवर थांबली, तिथे पायरीवर खडूने रेघ मारली. मग जिन्याच्या खाली, तळमजल्याच्या फरशीवर, शिपायाच्या हातात टेप देऊन तेच अंतर आडवं मोजलं. जिना सुरू होतो त्याच्या बरोबर खालून रेघेच्या बरोबर खालपर्यंत. जेमतेम चार मीटर.

"एक मीटर कुठे गेला?" मॅडमनी विचारलं.

"उतरण्यात गेला, मॅडम. हा सरकारी जिना आहे. माझी घळ याच्यापेक्षा उभी आहे."

मॅडमनी वाकून खडूच्या रेघेपासून खालच्या फरशीपर्यंतचं अंतर नजरेने जोखलं.  तेवढ्यात संचालक गर्दीतून वाट काढत निघाले. ते पुढे आले.

"मॅडम, एक लक्षात घ्या. ही बाई म्हणते तिने न वाचता सही केली. म्हणजे सरकारी कागदावर खोटी साक्ष. तसं तिने लेखी द्यावं, मग पुढची कारवाई आम्हाला करावी लागेल." मग मावशीकडे वळून हलक्या आवाजात, "मावशी, अजून वेळ गेलेली नाही. गैरसमज झाला म्हणा आणि बसा."

मास्तर वरच्या पायरीवरून खाली बघत होता. मावशीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. अकरा महिने. एकतीस वर्षांतले शेवटचे अकरा महिने.

"कागद द्या," ती म्हणाली.

तिने जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून लिहिलं. 'घळीच्या तक्त्यावर मी न वाचता सही केली. उताराचा रकाना कोरा होता. माप चूक आहे. चूक माझीही आहे.' खाली सही केली, आणि या वेळी आधी दोनदा वाचून केली.

मॅडमनी जागच्या जागी हुकूम दिला: बुधवारी फेरमोजणी, आडवी टेप धरून, स्वतः त्यांच्यासमोर. आणि मंगळवारी सकाळी मावशीच्या हातात निलंबनाचं पत्र पडलं.

निलंबित माणसाला मोजणीच्या तुकड्यात पाय ठेवता येत नाही. संचालकांनी हे तिला मुद्दाम निरोप पाठवून कळवलं. मावशी बुधवारी पहाटे उठली, लांबचा वळसा घालून ओढ्याच्या वरच्या अंगाने उतरली आणि गंजक्या खुंटीच्या पलीकडे, तुकड्याच्या हद्दीबाहेर दोन हातांवर, एका दगडावर पाय पसरून बसली. तिला हटकायला आलेल्या रखवालदाराला तिने हद्द कुठे संपते ते बोटाने दाखवलं. तो बिचारा परत गेला.

दुपारी वरून माणसं उतरताना दिसली. दोन मीटर, ओळंबा, खूण. दोन मीटर, ओळंबा, खूण. अध्यक्ष मॅडमच्या साडीला गुडघ्यापर्यंत चिखल लागला होता आणि त्या एकदाही "लवकर करा" म्हणाल्या नव्हत्या. टेप नारिंगी खुंटीपाशी आली, तिला मागे टाकून खाली उतरली, ओढा ओलांडला आणि मावशीच्या पायांपासून दोन हातांवर शंभर झाली. केंद्रातल्या दोघा नव्या शास्त्रज्ञांनी जाती लिहून घेतल्या. संध्याकाळपर्यंत आकडा आला. एकशे चौदा.

मावशीला वाटलं, संपलं. पण असल्या गोष्टी इतक्या सरळ संपत नाहीत.

शुक्रवारी संचालकांनी तिला खोलीत बोलावलं. चहा सांगितला, बसायला खुर्ची दिली. एकतीस वर्षांत त्या खुर्चीवर ती पहिल्यांदा बसत होती. टेबलापलीकडे चलाचला साहेबही होते, आणि मधे एक टाइप केलेला कागद.

"सगळ्यांचं भलं होईल असा मार्ग काढलाय," संचालक म्हणाले. "मोजणी तुमचीच बरोबर. आम्ही मान्य करतो. मॅडमचा निकाल मात्र अजून यायचाय. वरचे सत्त्याहत्तर मीटर आम्ही राखतो. कायमचे. कुंपण घालू, पाटी लावू. शंभरातले सत्त्याहत्तर, मावशी! फक्त तळाची पट्टी भरावाला द्यायची. मूळ तक्त्यातली हद्द ग्राह्य आहे एवढंच तुम्ही साक्षीदार म्हणून लिहून द्या. तुमचं ते जिन्यावरचं पत्र आम्ही परत देतो, निलंबन रद्द. अकरा महिने सन्मानाने पूर्ण करा."

कोणी परका ऐकता तर म्हणाला असता, चांगला माणूस आहे, चारातले तीन वाटे देतोय. मावशीने कागद उचलला. सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तिला ओढ्याकाठची ती काळी माती दिसली, तिच्यावर ओतला जाणारा दगडांचा ढीग दिसला. ओढा बुजला की सकाळचं धुकं बसायचं थांबेल. धुकं गेलं की दहा वर्षांत वरचे सत्त्याहत्तर मीटरही माथ्यासारखे होतील, बुटके आणि कोरडे, आणि पाटी तेवढी उभी राहील. हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिने तीस वर्षं दोन्ही टोकांची झाडं हातांनी चाचपली होती.

"साहेब," ती म्हणाली, "त्या दिवशी मी न बघता सही केली. ती चूक होती, मी कबूल केली. आज तुम्ही म्हणताय, तीच सही बघून कर."

"मावशी, हट्टाला पेटू नका. नोकरी जाईल."

"जाऊ द्या. मला तुमच्या खुर्चीत बसून अकरा महिने त्या घळीकडे पाठ फिरवायची नाही. तळ देणार नाही. एक मीटर देणार नाही. वीतभर देणार नाही."

"तुम्ही कोण देणार किंवा न देणार?" चलाचला साहेबांचा आवाज चढला. "चला, सही करा, आम्हाला कामं आहेत. चला."

मावशी उभी राहिली. चहाचा कप तिने तोंडाला लावला नव्हता. पेनाचं टोपण घट्ट लावून तिने ते कागदावर आडवं ठेवलं आणि दाराकडे चालायला लागली.

"ठीक आहे," संचालक मागून म्हणाले. "आम्ही दुसऱ्या कोणाची तरी सही घेऊ."

मावशी दारात थांबली आणि पहिल्यांदाच हसली.

"घ्या की," ती म्हणाली. "पण त्या दिवशी केंद्राची म्हणून शून्य धरून मी एकटीच उभी होते."